कोल्ड फ्यूजनची तपासणी मराठवाड्यात करा, पण पैसे मोजमापाला द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

साध्या तापमानाला अणुकेंद्रके एकत्र येऊन (संलयन) ऊर्जा निघते, हे कोल्ड फ्यूजनचे दावे तपासायला छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांना निधी द्यावा, ही आमची मागणी आहे. यंत्र दाखवून पैसे मागणाऱ्यांना मात्र एक रुपयाही देऊ नये.

जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन असतो) वीज सोडली, की पॅलेडियम धातूच्या कॅथोडवर (ऋण टोकावर) जादा उष्णता निघते, असे फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी २३ मार्च १९८९ रोजी जाहीर केले. त्याच वर्षी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रिटियम, म्हणजे संलयनाची खूण मानला जाणारा किरणोत्सारी हायड्रोजन, आढळल्याचे नोंदवले. गूगलच्या पैशांतून झालेल्या तपासणीत संलयनाचा पुरावा मिळाला नाही, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे प्रश्न अजून मोजमापाचाच आहे.

घोटाळा इथे होतो. उघड्या सेलमधून, म्हणजे प्रयोगाच्या उघड्या भांड्यातून, विजेने सुटलेले ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन वायू बाहेर जातात; म्हणून पाणी फोडण्यात गेलेल्या ऊर्जेपोटी व्होल्टेजमधून १.५४ व्होल्ट वजा करून उष्णता काढतात. वायू सेलमध्येच पुन्हा जुळले, तर एक अँपिअरला दहा टक्के जुळणीनेही ०.१५ वॅट 'जादा' दिसतात. म्हणून सेल बंद हवा, आत वायू पुन्हा जुळवणारा प्लॅटिनमचा उत्प्रेरक हवा. पॅलेडियमच्या दर अणूमागे निदान ०.९ ड्यूटेरियम भरायला हवे. पॅलेडियमच्या तारेचा विद्युतरोध मूळच्या जवळपास दुप्पट होऊन पुन्हा उतरू लागला, की भरण पुढे सरकली असे समजावे. याला कित्येक दिवस लागतात आणि मध्येच वीज गेली की वायू बाहेर पडू लागतो. आपल्याकडचे भारनियमन पाहता बॅटरीची सोय आधी करावी, पॅलेडियम नंतर घ्यावे. परभणीच्या मे महिन्यात खोलीच्या तापमानाने आकडे हलतात. सेल स्थिर तापमानाच्या पाण्यात बुडवलेलाच हवा.

ट्रिटियमचे तर विशेष जपावे. जड पाण्यात ते मुळातच थोडे असते आणि उघड्या सेलमध्ये विद्युत अपघटनाने त्याचे प्रमाण वाढते. सुरुवातीच्या पाण्याचा नमुना सीलबंद ठेवला नाही, तर पुढच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात लायगो ही गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा उभी राहते आहे. इतके बारीक मोजू शकणारी मुले आम्हाला इथेच घडवायची आहेत.

शासन निर्णयात एवढे लिहावे: प्रत्येक सेलसोबत त्याच प्रवाहावर प्लॅटिनम कॅथोडचा जोडसेल चालेल, कोणता सेल पॅलेडियमचा आणि कोणता प्लॅटिनमचा हे नोंद घेणाऱ्याला ठाऊक नसेल, सर्व कच्च्या नोंदी खुल्या राहतील आणि 'काही आढळले नाही' या निकालालाही पुढचा हप्ता मिळेल.

आपले,
मराठवाड्यातील भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्राध्यापक