गोळी सुटली, त्रास सुटेना

महोदय,

चिंतेच्या गोळ्यांची सवय लागते, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्या सुटल्यावर काय होतं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. आमच्या दादांची अल्प्राझोलाम डॉक्टरांच्या देखरेखीखाली अर्धी, मग पाव करत बंद झाली. काही महिने उलटले, तरी कानात भरदिवसा रातकिडे ओरडतात, पोटऱ्या आपोआप उडतात. मोंढ्यात गर्दी वाढली की हिशेब अर्धवट टाकून आडतीबाहेर येऊन बसतात. चार दिवस बरे जातात, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. कुणी म्हणतं, बाहेरचं बघा. कुणी म्हणतं, ‘घ्या की एखादी, काय होतंय!’ हा दुसरा सल्ला जास्त घातक.

या औषधाविना शांत व्हायला मेंदूला वेळ लागतो, काहींना कित्येक महिने. असा त्रास म्हणजे दरवेळी जुना आजार उलटलेलाच असतो असं नाही. पण ते डॉक्टरांनीच ठरवावं. आणि हे वाचून कुणी गोळी एकदम तोडू नये, फिट येऊ शकते.

ही गोळी एच-१ यादीतली. चिठ्ठीशिवाय विकायची नाही, विक्रीची वेगळी नोंद ठेवायची, असा नियम. तालुक्याला तो किती पाळला जातो, ते सांगायला नको! टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, तेवढा आधार आहे. पण तपासणीसाठी दरवेळी लातूर गाठावं लागतं. ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांचा वार ठरवून तो ओपीडीच्या दारावर लिहावा.

– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर