वाळवंटी शहरात स्थलांतर करणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वाळवंटी शहरातील पर्यावरणस्नेही सहजीवन वसाहतीत राहावयास जाऊ इच्छिणाऱ्यांची पूर्वतयारी बैठक येत्या रविवारी सायंकाळी 5 वाजता नेहमीच्या सभागृहात होईल.

वसाहत निवडताना पहिली चौकशी पाण्याची करावी. 1 चौरस मीटर छतावर 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर जेमतेम 1 लिटर पाणी मिळते, त्यामुळे साठवणटाकी आणि सांडपाण्याच्या पुनर्वापराची सोय प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हिरवळीच्या छायाचित्रांवर (अशा ठिकाणी हिरवळच संशयास्पद!) विसंबू नये.

शक्यतो ऐन उन्हाळ्यात आठवडाभर तेथे राहून पाहावे, आणि सामूहिक कामाचे तास व ठेव परतीच्या अटी लेखी घ्याव्यात.

इच्छुकांनी शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे नावे नोंदवावीत.