खवल्यांनी लघवी मोकळी होत नाही

महोदय,

प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून किंवा सुजून लघवीचा त्रास होतो, त्यावर चिनी परंपरेत खवले मांजराचे खवले देत आले आहेत. कल्पना नावातच आहे: 'छुआन शान ज्या', डोंगर पोखरणाऱ्याचे चिलखत. जमीन पोखरणारा प्राणी शरीरातले 'साकळलेले रक्त'ही मोकळे करील, असा तर्क. खवले तापल्या वाळूत फुलेपर्यंत भाजायचे, लगेच व्हिनेगरमध्ये विझवायचे, वाळवून कुटायचे. मात्रा ५ ते ९ ग्रॅम. एवढे करूनही हातात उरते ते केराटिन, म्हणजे आपल्या नखांचेच द्रव्य. खवल्यांत ट्रामाडॉल हे वेदनाशामक असते, असाही दावा होता. अमेरिकेतील वन्यजीव न्यायवैद्यक प्रयोगशाळेने खवले तपासून २०१९ मध्ये तो खोडून काढला.

पुरावा म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या चाचण्या बहुधा मिश्रणांच्या असतात. एकाच कॅप्सूलमध्ये खवले, वाळूतले बिनपंखी झुरळ, पिओनीचे मूळ, पीचच्या बिया! गुण आला तरी तो खवल्यांचा, हे कसे ठरवणार? त्यासाठी तेच मिश्रण खवल्यांसह आणि खवल्यांविना, रंग-वास सारखा ठेवून, निदान वर्षभर द्यायला हवे. लक्षणांच्या ३५ गुणांच्या प्रश्नावलीत साधारण ३ गुण उतरले की रुग्णाला बरे वाटते. पण तेवढा उतार औषधच नसलेल्या नकली गोळीनेही पडतो, कारण माणूस त्रास शिगेला पोचल्यावरच दवाखान्यात येतो आणि मग तो काहीसा आपोआपही ओसरतो. म्हणून लघवीचा वेग आणि सोनोग्राफीत मूत्राशयात उरलेली लघवी मोजलीच पाहिजे. सॉ पामेटो या वनस्पतीचेही असेच कौतुक होते. २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभराची काटेकोर चाचणी झाली, २०११ मध्ये मात्रा तिपटीपर्यंत नेऊन पाहिली; दोन्ही वेळा ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. खवल्यांबाबत २०२१ च्या पद्धतशीर आढाव्यातही विश्वासार्ह पुरावा सापडला नाही.

चीनने २०२० मध्ये खवले आपल्या औषधकोशाच्या सूचीतून वगळले, हे योग्यच झाले. काही तयार औषधांच्या घटकांत मात्र ते तेव्हाही राहिले; अशा पळवाटा बुजायला हव्यात.

रुग्णाने वेळ दवडू नये. लघवीची वाट सैल करणाऱ्या टॅमसुलोसिन या औषधाचा गुण काही दिवसांत जाणवतो. झटकन उठल्यास चक्कर येऊ शकते, म्हणून ते रात्री घेणे बरे. प्रोस्टेट आक्रसवणाऱ्या फिनॅस्टेराइडला सहा महिने द्यावे लागतात, आणि त्याने पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा) निम्मा दिसतो. तो आकडा दुप्पट करून वाचला नाही तर कर्करोग नजरेआड होऊ शकतो. लघवी पूर्ण अडली किंवा रक्त आले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या कोकणातही खवल्यांसाठी या प्राण्याची शिकार होते. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद. खवल्यांची विचारणा करणारा कोणी गावात आला, तर वनविभागाला १९२६ वर लगेच कळवावे.

– एक मूत्ररोगतज्ज्ञ, रत्नागिरी