अपघाताचे कारण सांगण्याआधी गाडी झाका

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: नामवंतांच्या वाहन अपघातानंतर होणारी घाईची विधाने आणि तेवढ्यात वाया जाणारा पुरावा

महोदय,
स.न.वि.वि.

३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे क्रिकेटपटू ऋषभ पंतची गाडी रुरकीजवळ दुभाजकावर आदळून पेटली. आधी सांगण्यात आले की त्याला डुलकी लागली. मग खड्डा चुकवताना गाडी गेली असे आले. त्यावर महामार्ग प्राधिकरणाकडून उत्तर आले की तिथे खड्डाच नव्हता. गोल्फपटू टायगर वूड्सच्या बाबतीत उलटे झाले. २३ फेब्रुवारी २०२१ ला त्याची गाडी लॉस एंजेलिसजवळ रस्ता सोडून झाडावर गेली आणि एक-दोन दिवसांतच तिथल्या शेरीफने (पोलीस प्रमुखाने) 'हा निव्वळ अपघात' असे सांगून टाकले. पुढे गाडीतल्या नोंदी वाचल्या तेव्हा ७ एप्रिलला जाहीर झाले की सुमारे ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ताशी १३५ ते १४० ने धावत होती. म्हणजे घाईचे विधान दोषच देते असे नाही, कधी ते दोष झाकतेही.

आपल्या राज्यातले उदाहरण खेळाडूचे नाही, पण ते कोकणाच्या उत्तर टोकाचे आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. लगेच बातमी फिरली, '२० किलोमीटर ९ मिनिटांत'. हिशेब केला तर ताशी १३३ किलोमीटर होतात. पण ती २० किलोमीटरची सरासरी झाली. पुलाच्या तोंडाशी गाडीचा वेग किती होता ते त्यातून कळत नाही. नंतर गाडीच्या नोंदींतून सांगण्यात आलेला वेग धडकेपूर्वी १०० आणि धडकेच्या क्षणी ८९ असा होता. तिथे तीन पदरी रस्ता पुलावर दोन पदरी होतो, हा मुद्दा पुढे आला तोवर लोकांचा निकाल लागून गेला होता.

आम्ही रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात अपघातग्रस्त गाड्या तपासण्याचे काम करतो. मुंबई-गोवा महामार्गावरून नट, खेळाडू, पुढारी सगळेच जातात. त्यांच्यापैकी कोणाची गाडी उद्या परशुराम घाटात किंवा कुडाळच्या पुढे आपटली, तर काय होईल ते आत्ताच सांगता येते. पहिल्या अर्ध्या तासात कोणीतरी अधिकारी कॅमेऱ्यासमोर 'प्राथमिक अंदाज' सांगेल आणि त्याच अर्ध्या तासात क्रेन गाडी टोचन करून नेईल. कारण एकदा बोलून झाले की पुरावा शोधायची निकड कोणालाच राहत नाही. दुखणे इथे आहे. समाजमाध्यमांवर बोलणाऱ्यांना आवरणे आपल्या हातात नाही, पण आपल्या खात्याचे निरीक्षक आहेत.

'ब्रेकचे पट्टे दिसत नाहीत, म्हणजे ब्रेक मारलाच नाही' हे वाक्य दर मोठ्या अपघातानंतर ऐकू येते. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. एबीएस चाक पूर्ण जखडू देत नाही, त्यामुळे करकचून ब्रेक मारला तरी काळा जाड पट्टा उठत नाही. उठते ती तुटक, राखी सावली. काँक्रीटवर ती उन्हात, आडव्या नजरेने पाहिली तरच दिसते, आणि आषाढातल्या एका सरीनंतर तीही जाते. डोंगर कापलेल्या बाजूने तांबडे पाणी रस्त्यावर आले की सरीचीही गरज नाही.

वळणावर गाडी आडवी सरकते तेव्हा मात्र वाकडा पट्टा उठतो. त्यात तिरक्या बारीक रेघा असतात. त्याची दोन मापे घेतली तर वेग काढता येतो. पट्ट्याच्या दोन टोकांत २० मीटरची दोरी ताणायची आणि दोरीच्या मध्यापासून पट्टा किती आत गेला ते मोजायचे. समजा ५० सेंटिमीटर भरले. वळणाची त्रिज्या सुमारे १०० मीटर निघते. रस्ता कोरडा असेल आणि घर्षणांक (टायरची रस्त्यावरची पकड) ०.७ धरला, तर वेग येतो ताशी ९४ च्या आसपास. तोच रस्ता ओलसर असेल आणि घर्षणांक ०.५ असेल, तर ८०. आणि मोजणाऱ्याने ५० ऐवजी ४० सेंटिमीटर लिहिले, तर कोरड्या रस्त्याचा आकडा १०५ वर जातो. दहा सेंटिमीटरच्या चुकीत अकरा किलोमीटर! पंचनाम्यात 'रस्ता ओला होता की कोरडा' ही ओळ सापडत नाही, असे कितीतरी पंचनामे आहेत. त्यानंतर वेगावर वाद घालणे म्हणजे नुसत्या हवेतल्या गप्पा.

वेगाचा काटा १२० वर अडकलेला फोटो तर हमखास फिरतो. आजचा काटा छोट्या मोटरवर फिरतो. वीज तुटली की तो जिथे असेल तिथे थांबू शकतो आणि धडकेच्या हिसक्याने पुढेही सरकू शकतो. एकट्या काट्यावरून वेग ठरवू नये.

खरा आकडा बऱ्याचदा एअरबॅगच्या नियंत्रण पेटीत असतो. ही पेटी सहसा गिअरच्या दांड्याखाली, मधल्या फुगवट्यावर बोल्टने बसवलेली असते. ज्या गाड्यांत नोंदीची सोय आहे, त्यांत धडकेआधीच्या साधारण पाच सेकंदांचा वेग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची स्थिती मिळते. एअरबॅग उघडली असेल तर ती नोंद बहुधा कायम राहते. उघडली नसेल तर काही गाड्यांत नवी नोंद जुनीवर बसते. म्हणून 'बघू चालू होते का' म्हणत किल्ली फिरवणे हा गुन्हाच समजावा. आणि एअरबॅग उघडली नाही म्हणून गाडी सदोष, असेही लगेच म्हणू नये. उभ्या डंपरखाली किंवा चिऱ्याच्या ट्रकखाली मोटार घुसते तेव्हा बोनेट आत जाते, पण पुढची मुख्य तुळई कशालाच लागत नाही. सेन्सरला धडक सौम्य वाटते आणि आतल्या माणसांवर छप्पर येते.

सीटबेल्टचे सांगायला हवे, कारण त्यावरून माणसाची अब्रू काढली जाते. धडकेत बेल्ट आवळणारी यंत्रणा उडते आणि बेल्ट तिथेच जाम होतो. तो बाहेर ओढलेल्या अवस्थेत जाम असेल तर लावलेला होता; गाडीच्या दाराजवळच्या खांबाला चिकटून ताठ जाम असेल तर नव्हता. खांद्याजवळच्या प्लास्टिकच्या कडीवर घासल्याच्या, वितळल्याच्या खुणा असतात. पण बचावाला आलेल्यांनी बेल्ट कापलेला असतो (त्यांनी कापायलाच हवा) आणि नंतर कोणीतरी उरलेला तुकडा खेचून पाहतो. कापलेली दोन्ही टोके पिशवीत घालून चिठ्ठी लावली तर वर्षभरानेही उत्तर मिळते.

आता घाट. आंबा, फोंडा, करूळ, आंबोली उतरताना 'ब्रेक फेल' हे कारण चालक देतो, दुसऱ्या दिवशी निरीक्षक ब्रेक दाबून पाहतो, ते व्यवस्थित लागतात, आणि चालक खोटा ठरतो. दोघेही खरे बोलत असतात! लांब उतारावर वरच्या गिअरमध्ये, सतत ब्रेकवर पाय ठेवून गाडी आणली की डिस्क तापते आणि ती उष्णता ब्रेक ऑइलमध्ये उतरते. हे तेल हवेतले पाणी शोषते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषलेल्या तेलासाठी प्रमाणातली किमान मर्यादा १५५ अंशांची. कोकणच्या दमट हवेत तीन-चार वर्षे न बदललेले तेल कुठे असेल याचा अंदाज आपणच करा. तेल उकळले की नळीत वाफ धरते, पॅडल मऊ पडून तळाला जाते. अर्ध्या तासाने सगळे थंड होते, वाफेचे पुन्हा तेल होते आणि ब्रेक लागतात. म्हणून नुसते पॅडल दाबून चालत नाही. तेलातले पाणी मोजायचे, पॅड काढून त्यांवर काचेसारखी चकाकी आहे का पाहायचे, डिस्कवर निळसर झाक आहे का पाहायचे. आणि हे पहिल्या दोन दिवसांत करायचे. खाडीकाठच्या पोलीस ठाण्याच्या आवारात उघड्यावर ठेवलेल्या गाडीची डिस्क एका रात्रीत गंजते. महिन्याने पाहणारा लिहितो, 'ब्रेकची देखभाल नव्हती'. काही आवारांत तर गाडीवर वेल चढलेला असतो.

टायरचेही तसेच. जुलै २०२५ मध्ये स्पेनमध्ये फुटबॉलपटू दिओगो जोटा आणि त्याचा भाऊ गेले, तेव्हा ओव्हरटेक करताना टायर फुटल्याचे पोलिसांकडून आले, मग वेगमर्यादा ओलांडल्याची शक्यता आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे वाद घालणारे विसरतात. टायर आधी फुटला की धडकेत, हे टायरच सांगतो. हवा कमी असताना पळालेल्या टायरच्या आत रबराचा भुगा आणि बाजूच्या भिंतीवर गोल घासपट्टा मिळतो. दगडावर किंवा काँक्रीटच्या कडेवर आपटून फुटलेल्यात आतून इंग्रजी एक्ससारखी चीर आणि रिंगेला चेप असते. त्यासाठी चारही टायर रिंगेसकट राखावे लागतात. हवेचा दाब, नक्षीची खोली (मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर) आणि भिंतीवरचे चार आकडी वय लिहावे लागते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

दारूबद्दल एवढेच. 'वास येत होता' ही चाचणी नव्हे आणि 'वास नव्हता' हीसुद्धा नव्हे. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची. शरीर ताशी साधारण १५ मिलिग्रॅम कमी करते, म्हणजे तीन तास उशीर झाला तर ४५ गेले. नमुना घेतल्याची वेळ, कातडी पुसायला स्पिरिट न वापरणे आणि बाटलीत सोडियम फ्लोराइड (नमुना टिकवणारे रसायन), या तीन गोष्टी नसतील तर अहवाल कोर्टात टिकणे कठीण. नामवंत व्यक्ती थेट खासगी रुग्णालयात हलवली जाते, तिथे हा नमुना राहून जातो आणि मग दोन्ही बाजूंच्या अफवांना रान मोकळे मिळते.

रस्त्याची बाजू तपासाविनाच राहते. काँक्रीटची कड आणि साइडपट्टी यांत किती सेंटिमीटरची पायरी आहे, वळवलेल्या रस्त्याचा फलक किती मीटर आधी होता, कठड्याचे टोक उघडे होते का, पाणी कुठे तुंबले होते, काँक्रीटवर गुरे बसलेली होती का, हे त्याच दिवशी मोजले-लिहिले नाही तर आठवड्यात ठेकेदाराची डागडुजी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या आराखड्याला, बांधकामाला आणि देखभालीला जबाबदार असणाऱ्यांवरही कारवाई होऊ शकते. पण पुरावा नसेल तर ते कलम कागदावरच राहते.

घाटात वाहतूक खोळंबते, गाडी लवकर हलवावी लागते, हे आम्हाला मान्य आहे. जखमींना काढल्यानंतर वीस मिनिटे पुरतात. चारही चाकांच्या जागा रंगाने आखणे (खडू पावसात टिकत नाही, ओल्या रस्त्यावर कडेला खिळे ठोकावेत), किलोमीटरचा दगड आणि एखादा खांब अशा दोन पक्क्या खुणांपासून प्रत्येक चाकाचे अंतर, चारी बाजूंनी आणि गाडी आली त्या दिशेने ५०-१०० मीटर मागे जाऊन फोटो, मग क्रेन. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण करायचेच आहे, तेव्हा मोबाइल हातात असतोच.

पेट्रोल पंप, हॉटेल आणि टोलवरचे फुटेज त्याच दिवशी मूळ यंत्रातून घ्यावे आणि यंत्राचे घड्याळ मोबाइलच्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहावे. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या चित्रफितीत फ्रेम गाळल्या गेलेल्या असू शकतात. तिच्यावरून काढलेला वेग मानू नये.

आमची मागणी आपल्या अधिकारात बसणारी आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे जायचा असतो. त्या ४८ तासांत परिवहन किंवा पोलीस खात्यातल्या कोणीही कारणाबद्दल, वेगाबद्दल, दोषाबद्दल एक शब्द बोलू नये. पण गप्पही बसू नये, कारण मौनातूनही तर्क उगवतात. केलेले काम सांगावे: रक्ताचा नमुना इतक्या वाजता घेतला, गाडी अमुक ठिकाणी झाकून ठेवली, नियंत्रण पेटी सील केली, इतक्या ठिकाणचे फुटेज घेतले. निष्कर्ष सांगू नये. सविस्तर अहवाल आल्यावर त्यातले कारण तेवढ्याच जाहीरपणे सांगावे, मग ते खेळाडूच्या विरुद्ध जावो की रस्त्याच्या.

त्याबरोबर महाड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली आणि सावंतवाडी इथे प्रत्येकी दोन-तीन गाड्या मावतील अशी पत्र्याची बंदिस्त शेड हवी. फरशीवर ओल नको, खाडीचा वारा थेट नको, किल्ली एकाकडे. महामार्गावरच्या प्रत्येक मदत केंद्रात ५० मीटरची टेप, २० मीटरची दोरी, रंगाचे डबे, खिळे, टायर गेज, ब्रेक तेलातले पाणी मोजायचा पेन आणि सील करायच्या पिशव्या असाव्यात. यातले बहुतेक सामान बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या आणि स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. वापरायला शिकवणे मात्र लागेल. एका दिवसाच्या प्रशिक्षणासाठी आम्ही आमच्या खर्चाने येऊ.

परिपत्रक गणपतीच्या गर्दीआधी निघावे, ही विनंती.

आपले,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील काही विमा सर्वेक्षक, वाहन तपासणीस आणि गॅरेजवाले

प्रत: मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य