उपटून फेकायचे, पण कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला परजीवींवरचा लेख वाचला. मुंगीच्या अंगात शिरून मरण्याआधी तिला पानाचा चावा घ्यायला लावणारी बुरशी, मांजराची भीती विसरलेला उंदीर, सगळे छान. नातवाने तर घरभर मोठ्याने वाचून दाखवले. पण लेखाच्या तळाशी जी चौकट टाकली आहे ती कोणी लिहिली? 'परजीवी वनस्पती दिसताच उपटून फेकून द्यावी.' संपले. कुठे फेकावी हे लिहायला जागा उरली नसावी, कारण शेजारी भला मोठा फोटो आहे. तोही बांडगुळाचा, आणि खाली छापले आहे 'अमरवेल'. बांडगुळाला हिरवी पाने असतात, ते आपले अन्न आपण तयार करते, झाडाकडून पाणी आणि क्षार तेवढे ओढते. अमरवेल म्हणजे नुसता पिवळा दोरा. आंब्यावर चढणारे कुठलेही पोर हे सांगेल. असो.

या चौकटीचा प्रताप ऐका. सोमवारी सकाळी आमचे बांधाशेजारी पुरवणी काखेत मारून दारात हजर. "अण्णा, बघा, पेपरात बी आलंय. उपटायची आन् फेकायची. तुमी उगंच कालवा करताय."

कालवा कसला, तर बंबाखूचा, म्हणजे तंबाखूच्या मुळावर पोसणाऱ्या परजीवी तणाचा. निपाणी भागात तंबाखू करणाऱ्याला हे नाव सांगावे लागत नाही. गेल्या हंगामात या गृहस्थांनी फुलावर आलेली बंबाखू उपटली आणि सगळी सामाईक बांधावर रचली. त्यांचे रान वर, माझे खाली. वळवाच्या पहिल्याच पावसात ढीग धुऊन कुठे गेला असेल, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. थोडी त्यांनी म्हशीपुढेही टाकली. तेव्हाही उत्तर ठरलेले होते, "वाळल्यावर काय हुतंय ओ त्येला?"

होते. उपटलेल्या दांड्यावर फुले असली तर बी तिथेच पिकते. म्हशीच्या पोटातूनही ते जिवंत बाहेर येते, आणि शेणखतातून आपणच ते रानभर पसरतो. बी म्हणजे पाव मिलिमीटरची धूळ. एक जोमदार झाड लाखाच्या घरात बी सोडते आणि ते मातीत दहा-दहा वर्षे गप्प पडून राहते. पाऊस पडला म्हणून उगवत नाही. तंबाखूचे मूळ अगदी जवळ आले आणि त्यातून पाझरणारे रसायन पोहोचले, की मगच त्याला कोंब फुटतो. हे रसायन झाड सोडते ते मातीतल्या उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी, हे २००५ मध्ये कळले. त्याच जातीचा पहिला पदार्थ १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळा काढला होता, तो जोंधळ्याच्या मुळावर पोसणाऱ्या टारफुला या तणाच्या संशोधनात. मित्राला घातलेली साद चोर ऐकतो. तुमच्या मुंगीपेक्षा ही गोष्ट काय कमी रंजक आहे?

लेखक म्हणतात, परजीवी शहाणा असतो, यजमानाला मारत नाही. खरे आहे, तंबाखू मरत नाही. मी बुंध्याजवळची माती हाताने उकरून पाहिली आहे. पांढरट, जाड कोंब मुळाला असा चिकटलेला की दोघांचा सांधा सापडत नाही. ओढला की वरचा भाग हातात येतो आणि बूड खालीच राहते. अंगात हिरवा कण नाही, म्हणजे साखर, पाणी सगळे दुसऱ्याचे. निळसर जांभळी फुले वर दिसेपर्यंत खाली कित्येक दिवस जेवणावळ झालेली असते. रानात ओल असूनही दुपारी पाने माना टाकतात. झाड उभे राहते, पण पान भरत नाही. मग वखारीत व्यापारी ते पान दोन बोटांत चोळतो, काही न बोलता बाजूला ठेवतो आणि दर सांगतो. त्या शहाणपणाचे पैसे मला मोजावे लागतात.

तेव्हा दुरुस्ती छापा, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. बंबाखू फुलण्याआधी काढावी, रानाबाहेर नेऊन जाळावी. बांधावर, पाटात, उकिरड्यात टाकू नये, जनावरांना घालू नये. पीक बदलताना तीळ, मूग घ्यावेत. त्यांच्या मुळांमुळे बी उगवते, पण पोसायला कोणी नसल्याने मरते. निपाणीतच धारवाड कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. वार्ताहराला मोटारसायकलवर पाठवले असते तरी चौकट नीट झाली असती.

आता लिहायलाच बसलोय तर आणखी एक. 'सीमाभाग' या तुमच्या पानावर १ नोव्हेंबरचा काळा दिवस, मोर्चे आणि निवेदने यांखेरीज काही येत नाही. ते यावेच, मीही मोर्चात असतो. पण शेतीची पत्रके आमच्या हाती पडतात ती कन्नडमध्ये, आणि माझ्या पिढीला ती धड वाचता येत नाहीत. मराठीत वाचायचे तर तुमचाच पेपर. त्यात गडहिंग्लजचा बाजारभाव रोज असतो, निपाणीचा नसतो. तो कधीपासून देणार, तेवढे कळवावे.

आपला,
एक तंबाखू उत्पादक
ता. निपाणी, जि. बेळगाव