देवगडच्या काकींना, फोटोवाल्याकडून

तीर्थस्वरूप काकींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण घरी येऊन आभार मानले तर तुम्ही "गप बस, आदी जेव" म्हणाल आणि विषय तिथेच संपेल. शिवाय सावंतवाडीपासून गुहागरपर्यंत गळ्यात कॅमेरा अडकवून स्वतःच्या जोरावर धंदा करू पाहणारी बरीच पोरं आहेत. त्यांनाही तुम्ही माहीत असायला हव्यात.

आमच्या धंद्याचं वर्ष लोकांना वाटतं तसं नसतं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. मग लग्नं, जत्रा, शिमग्याच्या पालख्या, मध्येच एखाद्या होमस्टेवाल्याच्या खोल्या, असं मे महिन्यापर्यंत जेवायला फुरसत नसते. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. पर्यटकांच्या बोटी वर ओढल्या जातात, चातुर्मासात लग्नं नाहीत. लेन्सचे हप्ते मात्र पावसाळा पाळत नाहीत. चाकरमानी गणपतीला येईपर्यंत आमचा फोन वाजतो तो बँकेच्या मेसेजने.

अशाच एका जूनमध्ये कोणीतरी माझं नाव सांगितलं आणि तुम्ही मला कारखान्यावर बोलावलंत. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, बचत गटातल्या बायका, कोकमाची पिंपं आणि आंबापोळीचा वास. काय काय काढायचं ते तुम्ही दाखवलंत. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, पैशांचं बघू नंतर. तुम्ही हातातलं काम थांबवलंत. "नंतर कित्याक? तुझे किती ता आदी सांग. लाजतंस कित्याक?"

काकी, आमच्याकडे फोटोवाल्याला सगळ्यात महाग पडतो तो ओळखीचा गिऱ्हाईक. साखरपुडा, हळद, लग्न, पूजा सगळं काढून घ्यायचं आणि शेवटच्या रकमेसाठी अल्बम तयार होऊनही तारीख पे तारीख. बाहेरचे तर "फोटोखाली तुझं नाव टाकू" म्हणून फुकटात मागतात. तुम्ही आकडा ऐकलात, थोडी घासाघीस केलीत (केलीतच, हे लिहायला हवं) आणि अर्धे पैसे तिथल्या तिथे मोजून दिलेत. वर बिल मागितलंत, आणि त्यावर फोटो कशाकशासाठी वापरायचे तेही लिहायला लावलंत. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देणारा असतो. हे मला माहीत होतं, पण कागदावर लिहून घ्यायची हिंमत कधी झाली नव्हती. तुमच्याकडच्या त्या बिलाचीच नक्कल मी आज प्रत्येक गिऱ्हाइकाला देतो.

कामही सोपं नव्हतं. कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, ट्यूबलाइटखाली काळंजांभळं दिसतं. त्याचा खरा लाल रंग मागून उजेड आला तरच उमटतो. म्हणून बाटल्या पडवीत आणल्या, पावसाळी आभाळाचा मऊ उजेड मागून घेतला आणि पुढून पांढरा पुठ्ठा धरला. काचेत माझंच प्रतिबिंब येत होतं, तेव्हा तुम्ही काकांचं जुनं धोतर आणून मध्ये आडवं धरलंत. लेबलावरचा खाद्यपदार्थांच्या परवान्याचा चौदा आकडी नंबर वाचता आला पाहिजे, हा तुमचा हट्ट. आंबापोळी जरा पिवळी करू का विचारलं, तर म्हणालात, "आसा तशी दिसाक होयी." २०१८मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही भलताच आंबा देवगडच्या पेटीतून विकणारे आहेतच. मग तुम्हाला रंगवलेल्या फोटोची चीड का येते, हे वेगळं सांगायला नको. त्या दिवसापासून खाण्याच्या वस्तूचा रंग मी हलवत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. जाऊ देत.

तो जाड तळाचा जुना तवाही तुम्हीच दिलात. पावसात लेन्सच्या आत बुरशी धरते, म्हणून आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवतो. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे. "ह्येच्यार परत भाकरी भाजू नको हां," एवढंच बजावलंत. तो तवा आजही फक्त त्याच कामाला आहे.

पण खरे आभार आहेत ते बायकांच्या फोटोंचे.

तुम्ही म्हणालात, बाटल्यांचे झाले, आता माझ्या बायकांचे काढ. मी खूश झालो. कोकमाने लाल झालेली बोटं, घामेजलेले चेहरे, मागे वाफ. बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरांना कोकणात हेच हवं असतं आणि मलाही तेच हवं होतं. बायका मात्र दुसऱ्या दिवशी काठापदराच्या साड्या नेसून, अबोलीचे वळेसर माळून हजर. खुर्चीत ताठ बसल्या, ओठ मिटून. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, तुका होये ते काढ, पण आदी तेंका होये ते.

त्यातल्या कित्येकींचा एकटीचा फोटो आधार कार्डापलीकडे कुठेच नव्हता. याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. घरात माणूस गेलं की रात्री-अपरात्री फोन येतो, उद्यापर्यंत भिंतीवर लावायला फोटो हवा. मग कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातून तांदळाएवढा चेहरा कापून मोठा करायचा, शेजारणीचा खांदा पुसायचा, डोळे अंदाजाने उजळायचे. हे काम मी पुष्कळ केलंय आणि त्याचे पैसे घेताना हात नेहमी अडखळला. माणूस असताना, त्याला हवा तसा एक नीट फोटो काढून ठेवावा, हे मी त्या दिवसापासून लग्नाच्या कामाइतकंच धंद्याचं काम मानायला लागलो. आता ज्या वाडीत लग्नाला जातो तिथे जेवणं उरकली की म्हाताऱ्या माणसांसाठी एक खुर्ची पडवीत मांडतो. वेगळे पैसे घेत नाही. यजमानाच्या बिलात ती ओळ आधीच धरलेली असते. हा हिशेबीपणाही तुमच्याकडूनच आला.

लाल बोटांचे फोटोही काढलेच. चांगले आलेत. पण बायकांनी घरी नेले ते काठापदराचे, आणि माझ्या मते तेच बरोबर होतं.

यंदा बाटल्या बदलणार असं कानावर आलंय. गोल घेऊ नका, गोल काचेत अख्खी पडवी दिसते. सपाट पाठीच्या घ्या. जूनचा दुसरा आठवडा तुमच्यासाठी राखून ठेवलाय. मागच्या खेपेला नातीच्या बाळंतपणाला गेलेल्या त्या आजींना साडी काढून ठेवायला सांगा. आणि माझा दर वाढलाय, तो आल्या आल्या सांगेन. घासाघिशीची तयारी ठेवून येतो.

तुमचा,
फोटोवाला