दोन ग्राफिक्स कार्डं लावून स्पीड डबल होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाचकांच्या पत्रात बहुतेक वेळा खड्डे, मेगाब्लॉक नाहीतर पाणीकपात असते. माझं गाऱ्हाणं जरा वेगळंय, पण घरात कॉलेजला जाणारा मुलगा आणि गेमिंगचा पीसी असेल तर वाचून घ्या, थोडे पैसे वाचतील.

माझा भाचा डोंबिवलीला असतो, यंदा बारावी झाली. त्याच्या पीसीत एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र स्क्रीनवर काढतं ते) आहे, १२ जीबी मेमरीवालं. मागच्या शनिवारी मित्राबरोबर लॅमिंग्टन रोडला पीसीचा कूलर बघायला गेला आणि तिथे एका दुकानात त्याला कोणीतरी पटवलं, की नवीन कार्ड कशाला घेतोस, हेच ३०६० अजून एक सेकंडहँड टाक, "दो लगाओ, डबल हो जायेगा", आणि १२ नि १२ चोवीस जीबी मेमरी. पोरगं पाचशे रुपये टोकन देऊन घरी आलं. रात्री मला फोन, मामा, मदरबोर्डला स्लॉट दोन आहेत, चालेल ना?

स्लॉट आहेत रे बाबा, पण ३०६० ला जोडीदार लावायची सोयच नाहीये. दोन कार्डांमध्ये जो ब्रिज लावायचा असतो त्याची पट्टीच त्या कार्डावर दिलेली नाही. त्या ३० सिरीजमध्ये ती फक्त ३०९० वाल्यांना होती, ३०८० ला पण नाही. मग दुसरं कार्ड आत बसून करणार काय, बहुतेक गेम त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आणि मेमरीची बेरीज तर जोडी नीट चालायची तेव्हा पण होत नव्हती. दोन्ही कार्डांत तोच डेटा भरावा लागतो. दोन घरी सेम किराणा भरला म्हणून तो दुप्पट दिवस पुरत नाही, खाणारी तोंडं दोन्हीकडे आहेतच की.

मला हे कळतं कारण मी स्वतः हात पोळून घेतलेत. २०१५ ला माझ्याकडे जीटीएक्स ९७० कार्ड होतं, ४ जीबीचं (त्यातलं पण साडेतीनच जीबी धड स्पीडने चालायचं, तो वेगळाच तमाशा झाला होता), आणि मी ऑफिसचा बोनस आला तसा दुसरं ९७० घेतलं. आमची काळाचौकीची खोली तुम्हाला माहिती नाही, पण ऑक्टोबरमध्ये तिथे पंखासुद्धा गरमच वारा फेकतो, त्यात खालच्या कार्डाची गरम हवा थेट वरचं कार्ड ओढून घेणार, त्यामुळे वरचं ऐंशी डिग्रीच्या खाली यायला तयार नाही, फॅनचा आवाज एवढा की आई विचारायची मिक्सर कोणी चालू ठेवलाय.

गरमी एकवेळ सोसली असती. खरी चिडचिड वेगळीच होती. काउंटर ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेम (चित्रं), दाखवतोय पण स्क्रीनवर अडखळतंय. ह्याला मायक्रोस्टटर म्हणतात आणि मुंबईकराला ते एका मिनिटात कळेल. दोन कार्डं आळीपाळीने फ्रेम काढतात, एक ह्याची, एक त्याची. आता समजा तासाला वीस लोकल आहेत, म्हणजे हिशोबाने दर तीन मिनिटाला एक यायला पाहिजे, पण दोन गाड्या एकीमागे एक चिकटून आल्या आणि मग सहा मिनिटं काहीच नाही, तर कागदावर वीसच भरतात पण प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला विचारा. डोळ्याला तसंच होतं, साठचे तीस वाटतात.

तरी ही आयडिया मुळात वाईट नव्हती. १९९८ ला थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ कार्डांची जोडी लावायचे, त्याला एसएलआय म्हणायचे, तेव्हा एक कार्ड चित्राच्या सम ओळी काढायचं आणि एक विषम, आणि खरंच फरक पडायचा. पुढे ती कंपनी बुडाली, तिचं सामान एनव्हिडियाने घेतलं आणि २००४ ला एसएलआय हे नाव परत आणलं, २००५ ला एटीआय ह्या दुसऱ्या कार्ड कंपनीने स्वतःची तशीच सोय, क्रॉसफायर, काढली. त्या काळात एकच दणकट कार्ड परवडत नसेल तर मधल्या दर्जाची दोन हा जुगाड होता आणि प्रत्येक मोठ्या गेमसाठी कंपन्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळं प्रोफाइल, म्हणजे त्या गेममध्ये काम दोन कार्डांत कसं वाटायचं ते, बनवून द्यायच्या. सगळा खेळ त्या प्रोफाइलवर. ते नसलं की दुसरं कार्ड म्हणजे लग्नात आलेला लांबचा पाहुणा, बसलाय कोपऱ्यात.

मग गेम बदलले. हल्लीचे गेम चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून आधीच्या फ्रेममधली माहिती पुढच्या फ्रेमला वापरतात. आता आधीची फ्रेम ह्या कार्डात आणि पुढची त्या कार्डात, म्हणजे शेजारच्या मुलाची वही हातात आल्याशिवाय ह्याला पुढचं लिहिताच येत नाही, मग आळीपाळीचा फायदा काय राहिला. २०१५ ला डायरेक्टएक्स १२ (विंडोजमध्ये गेम नि कार्ड ह्यांच्या मधलं सॉफ्टवेअर) आलं आणि दोन कार्डं वापरायची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर गेली, आणि मोजक्या गिऱ्हाइकांसाठी कोण एवढा खर्च करेल, बोटावर मोजण्याइतक्या गेमनी केलं. कंपन्यांनी पण हळूहळू हात काढला. २०१६ च्या जीटीएक्स १०६० लाच ब्रिज नव्हता, एटीआय विकत घेतलेल्या एएमडीच्या २०१९ च्या आरएक्स ५७०० एक्सटीला क्रॉसफायर नव्हतं, एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून नवीन प्रोफाइल देणं थांबवलं, आणि २०२२ ला ४०९० आलं, त्याच कंपनीचं त्या पिढीतलं सगळ्यात महागडं गेमिंग कार्ड, त्याला सुद्धा पट्टी नाही. आणि आपल्याकडे अजून दो लगाओ!

विजेचं लोक जरा वाढवून सांगतात. ३०६० साधारण १७० वॅट खातं, रोज चार तास खेळलं तर महिन्याला वीसेक युनिट जास्त, घर काही बुडत नाही, ३०० युनिटच्या स्लॅबच्या अगदी काठावर असाल तर मात्र बघा. पण त्याच्यापायी जो मोठा पॉवर सप्लाय घ्यावा लागतो त्याचा खर्च कोणी आधी सांगत नाही. सेकंडहँड कार्डाची अजून एक गोष्ट म्हणजे सप्टेंबर २०२२ ला इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून ते चलन कमवणं) बंद झालं आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. सगळीच खराब नसतात, पण अर्धा तास गेम चालवून दाखवा म्हटल्यावर जो दुकानदार कारणं सांगतो तिथून निघायचं.

दोन कार्डं कुठेच कामाची नाहीत असं पण मी म्हणणार नाही. ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणाऱ्याला, म्हणजे तयार चित्र काढून घेणाऱ्याला, ती मस्त चालतात, ब्रिज पण लागत नाही. घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवणारे एकच मॉडेल दोन कार्डांत वाटून बसवतात, तिथे १२ नि १२ चा खरंच उपयोग होतो. गेमवाल्यांसाठी लॉसलेस स्केलिंग नावाचं एक स्वस्तातलं सॉफ्टवेअर आहे, त्यात मुख्य कार्ड गेम चालवतं आणि दुसरं छोटं कार्ड मधल्या फ्रेम बनवून भरतं. जुनं कार्ड कपाटात पडलंच असेल तर करून बघा, त्याच्यासाठी मुद्दाम विकत घेऊ नका, कारण त्या भरलेल्या फ्रेम आहेत, माउस हलवल्यावर हाताला कळतं.

भाच्याला मी एवढंच विचारलं की तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दाखवतो? म्हणतो ७५. आणि गेम किती एफपीएसवर चालतो? ऐंशी-नव्वद. मग अजून वाढवून दाखवणार कुठे, भिंतीवर? गप्प बसला. आता ठरलंय की आधी मॉनिटर बदलायचा, आणि पुढच्या वर्षी ३०६० विकून वर पैसे घालून एकच चांगलं कार्ड घ्यायचं.

टोकनचे पाचशे मात्र दुकानदाराने परत दिले नाहीत. त्याच्या बदल्यात एक माउसपॅड आणि एचडीएमआय केबल दिली. भाचा म्हणतो केबल तशी बरी आहे.

आपला नम्र,
एक वाचक,
काळाचौकी, मुंबई - ३३